रुंजीचा कोट

“हात पसर, कावळा उडतो तशी,” सासूबाई रुंजीला म्हणाल्या आणि मापाची टेप त्यांनी माझ्या हातात ठेवली.

रुंजी पाटावर उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे बघू लागली. ती माझ्या नणंदेची मुलगी, वय साडेचार. प्रमिलाताई दिवाळीला सिमल्याहून अमरावतीला माहेरी आल्या होत्या आणि येताना गडद निळ्या लोकरी कापडाचा एक तुकडा घेऊन आल्या होत्या. त्याचा रुंजीला कोट शिवायचा होता. सिमल्यात तयार कोटांची काय वाण, पण आईच्या हातच्या शिवणीची त्यांना सर नाही, असं ताईंचं म्हणणं. त्यांचे लहानपणचे फ्रॉक, परकर, शाळेचे गणवेश सगळं आईनंच शिवलेलं. वडिलांच्या नोकरीमुळं ते तुरुंगाच्या वसाहतीत राहायचे; तिथल्या बायका ते फ्रॉक आतून उलटून बघायच्या म्हणे.

“मला आता कुठं दिसते,” सासूबाई आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या. “मोतीबिंदू आला. पण घरात शिवणारी सून आली आहे नं.”

शिवणारी सून म्हणजे मी. लग्नाला तीन महिने झाले होते. स्थळ पाहताना माझ्या वडिलांनी, आप्पांनी, यांच्या घरी पत्र पाठवलं होतं: ‘मुलगी बी.एस्सी. असून शिवणकाम उत्तम जाणते.’ त्यातलं बी.एस्सी. खरं होतं.

मी टेप रुंजीच्या छातीभोवती फिरवली आणि आकडा वाचला. “छप्पन्न.”

“किती?” प्रमिलाताईंनी विचारलं.

“छप्पन्न.”

“अगं वासंती, एवढी छाती तर आमच्या शेजारच्या हवालदाराचीपण नाही.”

ताई हसल्या, म्हणून रुंजीही हसली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मी टेप काढून पुन्हा गुंडाळली. पुन्हा छप्पन्नच आले.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून, वर्तमानपत्राच्या आडून, आवाज आला. “सेंटिमीटरची बाजू असेल. टेप उलटी करा.”

टेप उलटी केली, तर बावीस.

बोलले ते माझे सासरे, मामाजी. सगळी उमर त्यांनी तुरुंगात जेलर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी गल्लीतल्या पोरांचा चेंडू आमच्या अंगणात पडला तर पोरं नवा चेंडू आणायची. तीन महिन्यांत ते माझ्याशी मोजून दहा-बारा वाक्यं बोलले असतील. दिवसभर वर्तमानपत्र धरून बसायचे, आणि एकाच पानावर तासतास असायचे. मला वाटायचं, कायद्याची बातमी असेल.

ताई पुढच्या रविवारी निघणार होत्या. माझ्या हातात आठ दिवस होते. ज्यांना खरं सांगावं ते माझे यजमान धारणीला पाटबंधाऱ्याच्या कामावर परतले होते, ते महिनाभर येणार नव्हते. आणि आले असते तरी काय सांगायचं होतं? आमचं बोलणं अजून ‘चहा घेणार का’ आणि ‘चालेल’ एवढ्यावरच होतं. खरं सांगितलं तर आप्पा खोटे ठरणार होते. आमच्या आप्पांनी आयुष्यात कुणाला दोन पैशांना फसवलं नव्हतं. एका मुलीच्या लग्नापायी त्यांनी एक ओळ खोटी लिहिली होती, आणि ती ओळ माझ्या अंगाशी आली होती.

शनिवारी मी कापड कापायला बसले. मशीन मधल्या खोलीत होती, क्रोशाच्या रुमालाखाली. मी आल्यापासून तो रुमाल कुणी उचलला नव्हता. रुंजीचा जुना, आखूड झालेला कोट मी समोर ठेवला आणि खडूनं पुढचा भाग आखला. त्यात दोन-दोन बोटं वाढवली. कापला. अगदी तसाच दुसरा आखला, तोही कापला. स्वतःवर खूश झाले. मग दोन्ही भाग जमिनीवर शेजारी-शेजारी मांडले.

दोन्ही डाव्या बाजूचे होते.

एक तुकडा पालथा घालून पाहिला. पण कापडाची एक बाजू दाट, चमकदार होती आणि दुसरी फिकट, खरबरीत. उरलेल्या कापडातून पाठ, बाह्या आणि कॉलर-खिशासारखे बारीक तुकडे कसेबसे निघाले असते. आणखी एक पुढचा भाग निघणार नव्हता. तसलं कापड अमरावतीत मिळणार नव्हतं, कारण अमरावतीत तसली थंडीच पडत नाही.

मी सगळे तुकडे माझ्या ट्रंकेत शालूच्या खाली ठेवले.

त्या घरात एक जुनी रीत होती. दुपारी दोन ते चार मधल्या खोलीचं दार बंद. ताई सांगायच्या, “आई आत शिवायला बसायची आणि बाबा जेवून तिथंच झोपायचे. त्या खडखडाटात त्यांना झोप कशी लागायची देव जाणे. आम्हाला मात्र ताकीद, दारावर थाप मारायची नाही.” तीच रीत आता मला मिळाली. रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी मी दोन वाजता आत गेले, कडी लावली आणि रिकामी मशीन चालवत बसले. सुईत दोरा नाही, सुईखाली कापड नाही. पाय मारायचा, थांबायचं, कोट वळवतो आहोत इतका वेळ जाऊ द्यायचा, पुन्हा पाय मारायचा.

रुंजी दाराबाहेर येऊन बसायची.

“मामी, झाला का?”

“होतोय.”

“दाखव.”

“आत्ता नाही. अर्धा शिवलेला कोट लाजतो.”

ती थोडा विचार करायची. “मग त्याला आधी चड्डी शीव.”

बाहेर सासूबाई ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “सून शिवते आहे नं, आवाज येतो का?” त्यांना मोतीबिंदू होता, तरी कोपऱ्यावरून वळलेली बाई कुणाच्या घरची आणि तिच्या पिशवीत मेथी आहे की पालक, हे त्या ओसरीवरूनच ओळखत. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष ट्रंकेत होतं.

बुधवारी अडीचच्या सुमारास दारावर दोन थापा पडल्या. रुंजीच्या नव्हत्या. मी कडी काढली. मामाजी आत आले, त्यांनी कडी पुन्हा लावली आणि ते पलंगाच्या कडेला बसले.

“रिकामी मशीन किती दिवस चालवणार?”

मी रिकाम्या सुईकडे बघितलं.

“सुईखाली कापड असलं की मशीन दबून बोलते. नसलं की नुसती बडबडते. तीन दिवस बडबडते आहे.”

“मामाजी, मला…”

“कापड आण.”

मी ट्रंकेतून तुकडे आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी डोळ्यांनी बघितलंच नाही. बोटं कडेनं फिरवली, गळ्यापाशी थांबवली, मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून अंगठ्यानं चोळले.

“दोन्ही डावे.”

माझे डोळे भरून आले. त्यांना दिसलं नसावं, पण श्वास ऐकू गेला असेल.

“रडायचं असेल तर रडून घे,” ते म्हणाले. “पाच मिनिटं. मग वेळ नाही.”

अशी परवानगी मिळाल्यावर रडू कसलं येणार. मी पदरानं नाक पुसलं आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

“मला शिवता येत नाही,” मी म्हणाले. “आमच्या आप्पांनी पत्रात…”

“कात्री आण. खडू आण. अठरा नंबरची सुई खणात आहे, उजवीकडच्या. मशीनला चौदाची लावलेली आहे, या जाड कापडात ती मोडली असती.”

मशीनचा खण मी तीन दिवस रोज उघडत होते. सुयांना नंबर असतात हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी एक डावा तुकडा उजवीकडे पालथा ठेवला. “हा भाग उलट्या बाजूनं लावायचा. फिकट दिसेल. दिसू दे. आता उरलेल्या कापडातून कॉलर उलट्या बाजूनं काढ, डाव्या खिशाचं झाकण उलट्या बाजूनं काढ, आणि दोन्ही बाह्यांच्या पट्ट्या.”

“मग तर सगळ्यांना दिसेल.”

“एका जागी झाली तर चूक म्हणतात. चार जागी केली की फॅशन.”

हे वाक्य बोलताना त्यांच्या मिश्या हलल्या. ते हसू होतं, हे मला नंतर चार-पाच वेळा बघितल्यावर समजलं.

सुई बदलून झाल्यावर त्यांनी दोरा स्वतः ओवायला घेतला. टोक ओठांनी ओलं केलं, बोटांत पीळ दिला, सगळं अगदी सराईतासारखं. पण दोरा सुईच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. मी त्यांच्या हातातून तो घेतला आणि ओवला.

“मोतीबिंदू आईंना नाहीच,” मी म्हणाले. “तुम्हाला आहे.”

“बोलण्यात वेळ जातो,” ते म्हणाले. “डोळे तुझे, बाकीचं माझं. बस.”

त्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. आधी कच्चे टाके, मग टीप. त्यांनी तुरुंगात आयुष्य काढलं होतं आणि शिकवणंही तसंच होतं. “पाय सावकाश. कुणी पाठलाग करत नाही.” “कापड ओढू नको, ते आपल्या पायानं चालतं.” “उसव.” सगळ्यात जास्त वेळा हा शब्द. उजवी बाही मी तीनदा लावली आणि तीनदा उसवली. प्रत्येक वेळी ते शिवण अंगठ्याखालून घालत आणि जिथं चूक असे तिथंच अंगठा थांबे.

गुरुवारी अंगावर घालून बघायची वेळ आली, तेव्हा रुंजीला आत घ्यावं लागलं.

“इथं काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही,” मामाजी तिला म्हणाले.

“सांगितलं तर?”

“कोट मिळणार नाही.”

रुंजीनं बाही नसलेल्या कोटातून स्वतःकडे बघितलं. “रविवारी मिळाल्यावर सांगू?”

मामाजी माझ्याकडे वळले. “पोट्टी वकील होणार,” ते मला म्हणाले.

मी धीर करून विचारलं, “तुम्ही हे कुठं शिकलात?”

“तुरुंगात शिवणाची शेड असते. माझ्या पहिल्याच नेमणुकीला तिथं एक म्हातारा कैदी होता, जन्मठेपेचा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. चार महिने रोज तास काढून त्याच्याकडे शिकलो. ओरडायचा. मी जेलर, तो कैदी, आणि तो मला ओरडायचा, ‘साहेब, उसवा.’”

“पण का शिकलात?”

“बटनाच्या जागी खूण कर,” ते म्हणाले.

याचं उत्तर मला सासूबाईंनी दिलं, शनिवारी सकाळी मेथी निवडताना. मी काही विचारलं नव्हतं.

“काजं झाली का?”

“दोन राहिली.”

“काजांना ते फार छळतात. मला तर त्यांनी काजांपर्यंत येऊच दिलं नाही. मला सरळ टीप मारता येईना, चार दिवसांत त्यांनी हात टेकले.” त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. “माझ्याही बापानं लिहिलं होतं. ‘शिवणकाम येते.’”

“तुमच्याही?”

“सगळ्यांचेच बाप लिहितात, बापा. माझी सासू कडक होती. पहिल्याच महिन्यात तिनं चार चोळ्यांचं कापड माझ्यापुढं टाकलं. मी यांच्यापुढं रडले. हे त्या तुरुंगातल्या मास्तराकडे शिकायला लागले. मग दुपारचं दार लागायला लागलं. आत हे शिवायचे, मी झोपायची.”

“आणि तुम्हाला माझं कधी कळलं?”

“टेप उलटी धरलीस तेव्हा.”

“मग तरी कोट मला का दिलात?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अगदी सोपी गोष्ट विचारली होती. “त्यांना दिसत नाही. मला येत नाही. तुलाही येत नाही. कुणाला तरी शिकावंच लागणार होतं, आणि तिघांत तू तरुण.”

रविवारी सकाळी कोट तयार होता. संध्याकाळच्या गाडीनं ताई निघणार होत्या. सामान ओसरीवर बांधून ठेवलं होतं. रुंजीनं कोट घातला आणि सगळी बटनं लावायला लावली. अमरावतीच्या उन्हात ती घामानं डबडबली, तरी काढायला तयार नव्हती. ताईंनी तिला गोल फिरवलं, कॉलर उचलून बघितली, बाहीची पट्टी उलटून आतली शिवण बघितली. फिकट-गडद रंगाचं त्यांना फार कौतुक वाटलं. सिमल्याला असला कोट कुणाकडेच नाही म्हणाल्या.

मग आईकडे वळून म्हणाल्या, “कोट वासंतीनं शिवला म्हणतेस, पण तुझा हात फिरला आहे यावर. मी ओळखते ना. लहानपणी माझ्या सगळ्या कपड्यांना आतून हीच दुहेरी टीप असायची.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या ‘हो’ म्हणाल्या असत्या तर गोष्ट तिथंच मिटली असती, आणि मी कुणालाच काही बोलले नसते.

“आजीनं नाही शिवला,” रुंजी म्हणाली. “आजी बाहेर बसली होती. आजोबा सांगत होते आणि मामी उसवत होती. आता कोट मिळाला, आता सांगितलं तर चालते.”

ताई हसल्या. कुणीच हसलं नाही म्हणून थांबल्या.

“लेकरू खरं बोलते,” सासूबाई म्हणाल्या. “मला शिवता येत नाही, प्रमिला. कधीच येत नव्हतं.”

“म्हणजे?”

“तुझे फ्रॉक, परकर, गणवेश, सगळं यांनी शिवलं. तू नाचात झाली होतीस ती परी, तिचे पंखसुद्धा.”

ताई वडिलांकडे वळल्या. मामाजींच्या हातात वर्तमानपत्र होतं, पण ते मांडीवर पडलेलं. मला ताईंचं लहानपण माहीत नव्हतं. एवढंच ऐकलं होतं की वडील घरात आले की ही मुलगी स्वयंपाकघरात जायची, आणि लग्न होऊन जाताना ती आईच्या गळ्यात पडून रडली आणि वडिलांना लांबूनच नमस्कार करून गाडीत बसली. दर दिवाळीला यायची, ती आईकडे यायची.

“ते पिवळं परकर-पोलकं?” त्यांनी विचारलं. “झालरीचं? चौथीतलं?”

“झालर तीनदा उसवली,” मामाजी म्हणाले. “सुळसुळीत कापड होतं.”

“मी आईला मिठी मारली होती ते बघून. तुम्ही तिथंच होतात. खुर्चीत.”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुरुंगात कळलं असतं. जेलर फ्रॉक शिवतो म्हटल्यावर कोण भीत होतं?” ते थांबले. “आणि तुझी आजी तुझ्या आईवर रागावली असती.”

“आजी तर मी पाच वर्षांची असताना गेली, बाबा.”

“हो,” मामाजी म्हणाले. “मग सवय झाली.”

ताई उभ्याच राहिल्या. मग त्यांनी रुंजीच्या कोटाचं वरचं बटन सोडलं, पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं, आणि आत निघून गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे तिला. तू चहा टाक.” संध्याकाळी निघताना ताईंनी वडिलांना वाकून नमस्कार केला, पण सामानाची गडबड होती आणि टांगेवाला घाई करत होता. काही बोलणं झालं नाही. मामाजी फाटकापर्यंत आले आणि टांगा वळल्यावरही उभे राहिले. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं हे आता मला माहीत होतं, म्हणून मी सांगितलं, “गेला टांगा.” ते म्हणाले, “ऐकू येतं.”

पंधरा-वीस दिवसांनी सिमल्याचं पत्र आलं. आजवर ताईंची पत्रं सासूबाईंच्या नावानं यायची. शेवटी एका ओळीत ‘बाबांना नमस्कार’ असायचा. या पाकिटावर मामाजींचं नाव होतं. सासूबाईंनी ते उलटसुलट बघितलं. “जन्म मी दिला आणि पत्र यांना,” म्हणत ते माझ्याकडे दिलं आणि वाचायला बसवलं.

पत्र मोठं नव्हतं. बर्फ पडायला लागला होता. कोट उबदार होता. रुंजी तो घालूनच जेवते, झोपताना काढायला भांडावं लागतं. खाली दोन ओळी खोडलेल्या होत्या, वाचता येत नव्हत्या. आणि मग, ‘बाबा, मला तुमच्याशी बोलायचं होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही. आताही सुचत नाही.’

मी थांबले. मामाजी म्हणाले, “अक्षर अजून तसंच आहे का? कोंबडीचे पाय?”

“तसंच आहे.”

“शेवटचं पुन्हा वाच.”

मी वाचलं. त्यांनी मान हलवली आणि सांगितलं, “कागद घे. उत्तर लिही.”

मी कागद घेतला. ते तुरुंगाचा अहवाल सांगावा तसे सांगू लागले. “कोट गरम पाण्यात घालू नये. पिळू नये. उलटा करून सावलीत वाळवावा. लिहिलंस? पुढं. बाह्यांच्या आत दीड इंच कापड दुमडून ठेवलं आहे. पुढच्या हिवाळ्यात पोरीचे हात लांब होतील. तेव्हा पट्टी उसवून बाही वाढवावी.”

“लिहिलं.”

“तुला उसवता येत नसेल तर इकडे घेऊन ये.”

मी ते लिहिलं आणि विचारलं, “कोट पाठवून दे असं लिहू का? टपालानं येईल.”

“नको,” मामाजी म्हणाले. “घेऊन ये असंच लिही. पोरीच्या अंगावर असल्याशिवाय बाही किती वाढवायची ते कळत नाही, हेही लिही. आणि पोरगी एकटी येऊ शकत नाही, तेव्हा आईनं सोबत यावं.”